धक्का, सव्वानऊ वाजता

गाडी दुरुस्त झाली. किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. पण हे आपण ऐकलेलंच नाही असं समजू या. गल्लीत सध्या सगळे तसंच समजून चालतात.

तर गाडी बंद आहे. सकाळचे सव्वानऊ वाजलेत. नगररचना कार्यालयातले हेडक्लार्क स्टिअरिंगमागे ताठ बसलेत, मनातल्या मनात त्या एकोणीस वर्षांच्या गाडीला "चला बाईसाहेब" म्हणतायत आणि मागून तिघं जण धक्का मारतायत. मधोमध त्यांची बायको, वाचनालयातली ग्रंथपाल. डाव्या दिव्यापाशी वरच्या मजल्यावरचे शिंपी. उजव्या दिव्यापाशी समोरचे दातांचे डॉक्टर. गेली अकरा वर्षं हीच वेळ, हेच दिवे.

शिंपी आणि डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत. एका कोटावरून बिनसलं. डॉक्टर म्हणाले बाही आखूड, शिंपी म्हणाले हात लांब. त्याला नऊ वर्षं झाली. पण धक्क्यातलं बोलणं बोलण्यात धरायचं नाही, असं दोघांनी मनोमन ठरवलं असावं.

"डावीकडून जोर कमी पडतोय."

"उजवीकडचे नुसते हात टेकतात."

"सुईपेक्षा जड काही उचललंय का जन्मात?"

"उपटायची सवय असलेला माणूस ढकलणार काय, कप्पाळ!"

असं वीस-पंचवीस पावलं चालायचं. मग बाईसाहेब खोकायच्या, धूर सोडायच्या. बायको पळत पुढं येऊन उघड्या दारातून आत उडी मारायची. दार धाडकन लागलं की हेडक्लार्कांनी सुटायचं. शेजारी बघायचं नाही, मागे वळायचं नाही. बघितलं की गाडी बंद पडते, हा अकरा वर्षांचा अनुभव.

पण एके दिवशी बायकोची कंबर धरली. "सोमवारी ही आपली आपण सुरू झाली नाही तर मंगळवारी भंगारात," तिनं सांगून टाकलं. ही गेली तर आपल्याकडे उरलं काय, याचा हेडक्लार्कांनी रात्रभर विचार केला. नोकरी सोडून काही आठवेना.

रविवारी मेकॅनिक आला. अकरा वर्षं यानंच गाडीला तात्पुरतं बरं केलं होतं. या वेळी तो दिवसभर बॉनेटखाली डोकं खुपसून राहिला आणि संध्याकाळी एक कुजकी वायर चिमटीत धरून वर आला. "हीच ती," म्हणताना त्याचा आवाज भरून आला. त्याच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गाडी पूर्ण दुरुस्त झाली होती. ती वायर त्यानं पाकिटात, मुलांच्या फोटोशेजारी ठेवली.

सोमवार. सव्वानऊ. शिंपी आणि डॉक्टर आपापल्या दिव्यापाशी हजर. त्यांना कुणी काही कळवलेलंच नव्हतं. बायकोला सगळं माहीत होतं, तरी पाय सवयीनं मागे गेले. हेडक्लार्कांनी श्वास रोखून किल्ली फिरवली आणि बाईसाहेब हुं का चूं न करता सुरू झाल्या. गाडीला हिसका बसला. हिसक्यानं पुढचं दार धाडकन लागलं. दार लागलं की सुटायचं. हेडक्लार्क सुटले.

आनंदानं त्यांचं मन मोकळं झालं. "तुला सांगतो, ऑफिसात मी म्हणजे नुसती सही. हिच्यात बसलं की मी कुणीतरी असतो. ठेवू या ना हिला कायमची?" बायको नाही म्हणाली नाही. खरं तर काहीच म्हणाली नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडत होतं, त्यामुळे त्यांना गहिवरून आलं. पुलावर त्यांनी डोळे पुसायला तिच्याकडे रुमाल मागितला.

ते परत आले तेव्हा तिघं रस्त्याच्या मधोमध तशीच उभी होती. शिंप्यांच्या ढोपरांना माती. डॉक्टरांचे हात अजून पुढेच.

"कुठवर गेला होतात?" बायकोनं विचारलं.

"पुलापर्यंत."

"पुलापर्यंत माझी आठवण नाही झाली?"

"अगं, तुझ्याशीच तर बोलत होतो!"

"मग मी काय म्हणाले?"

"हो म्हणालीस."

शिंपी हसले. डॉक्टरही हसले. मग दोघांच्याही लक्षात आलं की धक्का न मारता आपण एकत्र हसलो, आणि दोघांनी तोंडं फिरवली.

"म्हणजे उद्यापासून काही नाही," शिंपी कुणाकडेच न बघता म्हणाले.

"नाही ना," डॉक्टर म्हणाले, तेही कुणाकडेच न बघता.

कुणी घरी जाईना. डॉक्टरांनी नुसताच उजव्या दिव्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं शिंप्यांनी डावा धरला. इंजिन मजेत चालू होतं. ढकलण्यासारखं काही नव्हतं.

बायकोनं त्या दोघांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. कंबरेवर एकदा हात फिरवला आणि काढून घेतला.

"बॅगेत कोरा कागद असेल ना?" ती म्हणाली. "काढा. मी सांगते तसं लिहा."

हेडक्लार्कांनी बॉनेटवर कागद ठेवला. डावीकडून शिंपी वाकले, उजवीकडून डॉक्टर.

"प्रति, माननीय मेकॅनिक. विषय : दुरुस्ती रद्द करणेबाबत. महोदय, आपण रविवार रोजी केलेल्या कामामुळे खाली सही करणार तीन इसम रस्त्यावर विनाकारण उभे आहेत. तरी सदर वाहन पूर्ववत बिघडवून मिळावे व बिघाड कायमस्वरूपी टिकेल अशी लेखी हमी द्यावी, ही नम्र विनंती."