छपरावरचा बर्फ

सकाळी नळाने पुन्हा नुसती उचकी दिली. ओडेटने हेअर ड्रायर घेतला, सिंकखालचं दार उघडलं आणि ट्रेलरच्या थंडगार फरशीवर पोट टेकून ती नळीशी बोलू लागली. "ये गं बाई, ये. आजच्या दिवस लाज राख."

बऱ्याच वेळाने नळ खोकला आणि बारीक धार लागली. ती तिने तशीच वाहती ठेवली. वाहतं पाणी सहसा गोठत नाही, एवढं ती या हिवाळ्यात शिकली होती.

लुइझियानाच्या पाणथळीत वाढलेल्या बाईला नॉर्थ डाकोटाची थंडी म्हणजे रोजचं भांडण. नवरा, अल्सीड, तेलविहिरीवर; आठवडेच्या आठवडे तिकडेच. इकडे हा चाकांवरचा संसार ती एकटी राखायची. ट्रेलरच्या पोटाखाली वारा शिरू नये म्हणून चहूबाजूंनी गवताचे भारे रचलेले, खिडक्यांना फोम लावलेला, छताच्या झडपेत उशी कोंबलेली. तरी वारा यायचाच. फट शोधत यायचा, आणि फट सापडली की गात यायचा.

बाहेर पिकअपचा भोंगा वाजला. ट्रेलरतळाची देखरेख डेलबर्ट करायचा; घर तापवायचा गॅसही तोच वाटायचा. ज्याला सिलिंडर हवा त्याने ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला लाल फडकं बांधायचं; फडकं दिसलं की तो थांबायचा, नाही दिसलं की पुढे जायचा. ओडेटचं फडकं हल्ली दांड्यावरून सुटतच नव्हतं.

"पुन्हा?" डेलबर्ट म्हणाला. "बाई, तू गॅस जाळतेस की पितेस?"

"पिते. तोंडी लावायला तुमचं डोकं आहेच."

तो हसला नाही. त्याने वर बोट केलं. "छप्पर बघ तुझं. बर्फ वितळून पाणी गळतंय. सगळी ऊब आभाळाला चाललीय. मागे तुझी नळी फुटली तेव्हा अख्ख्या ओळीचं पाणी तोडावं लागलं. आता एकदा फुटली की जागा खाली करायची. मालकाने बजावलंय, मी काय करू?"

"या थंडीत घर ओढून नेऊ कुठे?"

"मला नको विचारू. शेजारणीला विचार."

शेजारच्या ट्रेलरवर हातभर बर्फ होता, पिंजून ठेवलेल्या कापसासारखा, जसाच्या तसा. कडेला एक थेंब नाही.

"सोल्वेगबाईंचं छप्पर बघ. आतली ऊब आतच. कडाका पडल्यापासून म्हातारीने एकदाही फडकं बांधलेलं नाही. याला म्हणतात घर राखणं!"

ओडेटच्या कानशिलापर्यंत जाळ गेला. सिलिंडर तिने त्याच्या हातातून ओढूनच घेतला.

दुपारी अल्सीडचा फोन आला. त्याचंही तेच. "अगं, त्या म्हाताऱ्या बाईंना विचार ना. त्यांचा जन्म गेलाय या बर्फात."

"विचारते की! पायाशीच जाऊन बसते."

फोन तिने आपटला. अल्सीडला काय ठाऊक? थंडीच्या तोंडावर ही सोल्वेगबाई न बोलावता आली होती, कमरेवर हात ठेवून गवताचे भारे बघत उभी राहिली होती. "पोरी, हे असं रचलंस तर उंदीरसुद्धा भाडं परत मागतील." ओडेटने तिच्या तोंडावर दार लावलं होतं. त्यानंतर बोलणं नाही, बघणं नाही. बघायची ती फक्त तिची खिडकी. पडद्याआड पिवळा दिवा, आणि दिव्याशी टेकलेली सावली. बसलीय निवांत, ओडेट मनात म्हणायची. आम्ही इथे रांगतोय आणि ही बसलीय महाराणीसारखी.

मग ती आणखी इरेला पेटली. कपाटांत पुठ्ठे सारले, दाराच्या उंबऱ्याशी टॉवेल कोंबले, अल्सीडचं जुनं जाकीट उसवून नळीला गुंडाळलं. आत भिंतींना घाम सुटला. छप्पर मात्र गळतच राहिलं. दिवसातून कितीदा ती बाहेर जायची, आपलं छप्पर बघायची, मग शेजारचं बघायची, आणि दात-ओठ खात परत यायची.

एका दुपारी रेडिओवर सांगितलं, आज अंधार पडला की या हिवाळ्यातली सगळ्यांत मोठी थंडी. ओडेटने नळाकडे पाहिलं. धारेचा दोरा झाला होता, दोऱ्याचा केस होऊ पाहत होता.

ती उठली. सकाळी भाजलेला मक्याचा पाव तिने गरम केला, फडक्यात गुंडाळला, आणि नाक मुठीत धरून शेजारच्या दारावर थाप मारली.

उत्तर नाही. म्हातारीला कमी ऐकू येत असेल. तिने दार ढकललं. कडेचा बर्फ कडकन तुटला आणि दार उघडलं.

वारा पाठीमागे राहिला, तेवढ्यानेच ऊब आल्यासारखं वाटलं. एरवी बाहेरून घरात शिरलं की तिच्या चष्म्यावर वाफ धरायची. इथे सगळं कसं लख्ख दिसत होतं. दिव्याखाली सोल्वेगबाई खुर्चीत बसली होती, गोधडी मांडीवर, मान खिडकीकडे कललेली. डुलकी लागली असावी.

"बाई," ओडेट हळूच म्हणाली, "मी शेजारची. त्या दिवशी माझं चुकलं. तुम्ही सांगाल तसं गवत पुन्हा रचते. उंदरांना विचारून रचते. फक्त ही ऊब कशी धरून ठेवलीत तेवढं शिकवा. नाहीतर मला इथून उठवतील हो."

सोल्वेगबाई काही बोलली नाही. राग अजून गेलेला नसणार.

"असू दे. आधी थोडं खाऊन घ्या, मग रागवा." पाव ठेवायला जागा करावी म्हणून ती टेबलाकडे वळली. मधोमध अर्धा प्यालेला कॉफीचा कप होता, आत चमचा तसाच. आधी चमचा काढून ठेवावा म्हणून तिने तो उचलला.

चमच्याबरोबर कपही उचलून आला. कॉफीचा दगड झाला होता.