शेवटची फाइल

"हाही नको!" शैलजाने तिसऱ्या लॅपटॉपमधूनही पेनड्राइव्ह उपसला.

"ताई, विंडोज झालं, मॅक झालं, लिनक्ससुद्धा झालं. चौथं मी आणू कुठून?" दुकानदार घायकुतीला आला. "कुठलाही घ्या, ही फाइल अशीच दिसणार. तुमचा जुना मराठी फॉन्ट त्या बंद पडलेल्या कम्प्युटरबरोबर गेला. आता नुसती इंग्रजी अक्षरं सांडलीयत."

ती पुन्हा पहिल्या लॅपटॉपकडे वळली. लग्नपत्रिका छापायचं दुकान ती विकणारच होती. लॅपटॉप हवा होता तो केवळ या फाइलपुरता. नवऱ्याने जाण्याआधी टाइप केलेली ही शेवटची फाइल, आणि तिला त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं.

वैतागून ती काउंटरवर बोटं आपटू लागली आणि एकदम थबकली. बोटं पडद्यावरचीच अक्षरं टाइप करत होती. वीस वर्षं नवऱ्याशेजारी बसून तिने हजारो पत्रिका जुळवल्या होत्या. कुठलं इंग्रजी बटण दाबलं की कुठलं मराठी अक्षर उमटतं, हे बोटांना पाठ होतं. पडद्यावर नजर रोखून ती रिकाम्या काउंटरवर सावकाश टाइप करू लागली. ओठ पुटपुटू लागले.

'शैलू, दुकान विकू नकोस. तुझा हात माझ्याहून चांगला आहे. तोंडावर कधी बोललो नाही.'

"मग कुठला देऊ, ताई?"

तिने डोळे पुसले. "कुठलाही द्या. पत्रिका करता आल्या म्हणजे झालं."