कावळा शिवेना

शेवटचे पेशंट गोगटे आजोबा गेले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रस्टनं म्हाताऱ्यांच्या दवाखान्याला कुलूप ठोकलं. म्हणून त्यांच्या दहाव्याला तान्हाबाई आया आणि बजाबा आचारी मागची भिंत चढून आत शिरले. अंगणात पिंड ठेवला. कावळा आला, पण शिवेना.

"आजोबा, बिनमिठाची भाजी आजपासून बंद!" बजाबानं कान पकडले. कावळा उडाला आणि त्याच्या टोपीवर घाण करून पुन्हा भिंतीवर बसला.

"ओळखलं बघ तुला!" तान्हाबाई खुदकन हसली.

मग तिनं ठेवणीतला उपाय काढला. इथं मुलांनी टाकलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या पिंडापुढं ती हेच बोलायची, आणि कावळा झडप घालायचा.

"आजोबा, मुलगा निघालाय हो तुमचा. वाटेतच आहे."

कावळ्यानं पाठ फिरवली.

तान्हाबाईचं हसू मावळलं. आजोबांनी औषध घ्यावं म्हणून जिवंतपणीही ती त्यांना रोज हेच सांगायची. तिनं हात जोडले.

"खोटं बोलत होते मी. तो नाही यायचा. फोनवर म्हणाला, तुम्हीच काय ते उरका."

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

"जेवा आता," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "सावकाश जेवा."