चंद्राच्या पाठीमागची संकष्टी

"देव मानू नकोस, बाई. पण संकष्टीला मी चंद्राला हात जोडीन, तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसू नकोस."

निघताना आईने एवढंच सांगितलं होतं. कालिंदीने हसत शब्द दिला होता. पण तिची वेधशाळा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला होती. तिथून पृथ्वी कधीच दिसत नसे. म्हणून तर पृथ्वीवरच्या रेडिओ-गोंगाटाविना ताऱ्यांच्या क्षीण लहरी तिथे स्वच्छ ऐकू येत.

आज संकष्टी. चिपळूणला नऊ वाजून बारा मिनिटांनी चंद्रोदय. आई दिवसभराची उपाशी, मोदक झाकून अंगणात उभी राहणार.

"तू कुठे आहेस ते आईला इतक्या लांबून दिसणार आहे का?" सोबतीण फिलोमिना म्हणाली. "आणि तू तर नास्तिक!"

"शब्द देवाला नाही गं, आईला दिलाय."

फिलोमिनाने गाडीची किल्ली पुढे सरकवली. "पृथ्वी दिसेपर्यंत तीन तास जातील. निदान चार घास खाऊन जा."

"नको," कालिंदी शिरस्त्राण चढवत म्हणाली, "चंद्रोदय झाल्यावर."

मऊ राखाडी धुळीतून गाडी, आवाज न करता, क्षितिजावरच्या निळ्या पृथ्वीच्या शोधात निघाली.