पाडव्याचं ताट

"आजी, बीपी वाढलंय. मीठ कमी केलं नाही ना?" डॉक्टर सुलक्षणानं दटावलं.

"केलं की," सारजाबाईनं ठोकून दिलं. "बाई, तुमी एकतीस मार्चला चालला, हे खरं व्हय?"

"बाँड संपतो, आजी. सरकारी कॉलेजात, स्कॉलरशिपवर शिकले. त्याबद्दल वर्षभर खेड्यात काम करायचं. मधेच सोडलं तर दंड."

"अगं बया! म्हंजे सालगडीच की वो तुमी!"

सुलक्षणा नुसती हसली.

सारजाबाई वेल्ह्याच्या वरच्या वाडीतली. तिचा नवरा हरिबा उत्रोलीला सालानं असायचा. साल पाडव्याला संपायचं. त्या दिवशी मालकाच्या घरी जो जेवला, तो पुढचं सालही तिथंच राबणार. ना कागद, ना सही. सोडून जायचं असेल त्यानं ताटावर बसायचंच नाही. हरिबा बावीस पाडवे जेवला.

झालं! म्हातारीच्या डोक्यानं घेतलं. नातसून अश्विनीला सातवा लागलेला. मागल्या खेपेला दवाखान्यात डॉक्टरच नव्हता. नसरापूरच्या वाटेवर जीपमध्येच बाळ गेलं, अश्विनी कशीबशी वाचली. आता ही बाई हवीच. सालगडी ना? मग घालू जेवू.

"पाडव्याला आमच्याकडं जेवायला या."

सुलक्षणानं बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता मान वर केली. "पाडव्यालाच?"

"व्हय. पुरणपोळी हाय."

"दोन दिवसांनी सांगते."

"जेवायला यायचा कसला वो इचार?"

"आई वाट बघतेय, आजी. पुढचा अभ्यासही राहिलाय," सुलक्षणा म्हणाली. जेवणाचा आणि अभ्यासाचा काय संबंध, ते सारजाबाईला काही कळलं नाही. पण तिसऱ्या दिवशी 'पाडव्याला येते' असा निरोप आला आणि तिला हायसं वाटलं.

पाडव्याला सुलक्षणा वाडीवर चढून आली. आधी अश्विनीच्या पायांची सूज बघितली, गोळ्या चुकवतेस म्हणून तिला रागावली, मग पाटावर बसली.

पोळीवर तूप वाढताना सारजाबाईचा हात अडला. केवढीशी पोर! वर्षभर त्या गळक्या क्वार्टरमध्ये एकटी राहिली. हरिबाही दर पाडव्याला घरी येईन म्हणायचा, आणि आपण पोरं कडेवर घेऊन वाट बघायचो. आता हिची आई बघतेय. म्हातारीला भडभडून आलं.

सुलक्षणानं घास मोडला.

"थांब पोरी! खाऊ नगंस!" सारजाबाईनं ताटच मागं ओढलं आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. साल, पाडवा, मालकाचं जेवण, सगळं. "माझ्या मतलबापायी तुला दावणीला बांधीत हुते गं. जा तू तुझ्या आईकडं. आमच्या अश्विनीचं देव बघंल."

अश्विनी चुलीपाशी तशीच उभी राहिली. तिचा हात पोटावर गेला.

सुलक्षणानं ताट हळूच आपल्याकडं ओढून घेतलं. हातातला घास तुपात बुडवला आणि सावकाश खाल्ला.

"माझे बाबा अजून परभणीत सालानंच आहेत, आजी," ती म्हणाली. "मुदतवाढीचा अर्ज काल देऊन आले, म्हणून तर आज जेवायला बसले."