चार पट्ट्यांचा साहेब

"मावशी, कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे ना?" दिग्दर्शकाने विचारलं.

"लष्करातल्या. नौदलातल्या कॅप्टनला चार सोनेरी पट्ट्या." मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "नाव एकच, पण जमीन-अस्मानाचा फरक. लष्करातला कॅप्टन म्हणजे कालचं पोर. नौदलातला थेट कर्नलच्या तोडीचा."

मावशींचं आयुष्य सिनेमावाल्यांचे कपडे शिवण्यात गेलं होतं. राजे शिवले, भिकारी शिवले, पाठीची पार वाट लागली. आता हे शेवटचं काम, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. शुक्रवारी लेक सुट्टीवर यायचा होता, दीड वर्षाने. छावणीच्या फाटकावर पहाऱ्याला असायचा तो. तो आला की त्याच्यासमोर नुसतं बसून राहायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

ही मंडळी मात्र भली निघाली. नट असून आरशापुढे कुणी घुटमळत नव्हतं. न सांगता केस बारीक कापून आले होते. आणि टाक्याटाक्यावर त्यांचं लक्ष. नाहीतर एरवीचे सिनेमावाले. दोन पायांत दोन रंगांचे बूट असले तरी त्यांचं चालून जातं.

"आमचा नायक वेष बदलून छावणीत शिरतो," दिग्दर्शक म्हणाला. "तीन ताऱ्यांवर भागेल?"

"छे. तीन ताऱ्यांना माझा लेकच अडवेल. तिथले साहेब त्याला तोंडपाठ आहेत. अनोळखी दिसला की ओळखपत्र मागेल, आत फोन लावेल." मावशी हसल्या. "नौदलाचा करा त्याला. समुद्रावरचे साहेब फाटकावरच्या पोरांना कुठले माहीत? पट्ट्या मोजतात, सलाम ठोकतात, फाटक उघडतात. लेकच सांगत होता मागे."

दिग्दर्शकाने तारे बाजूला सारले.

"चार पट्ट्या लावा, मावशी."

गुरुवारी त्यांनी शर्टाच्या खिशाला शेवटचं बटण लावलं. चार भोकांतून फुली न काढता कोंबडीचं पाऊल काढायचं, ही त्यांची जुनी खोड. लेकाच्या शाळेच्या शर्टांनाही तेच पाऊल असायचं आणि पोरं त्याला चिडवायची. कपडे गेले. मावशींनी मशीन झाकलं आणि किती दमलो आहोत ते त्यांना तेव्हा कळलं.

शुक्रवारी सकाळी फोन आला.

"आई, पहारा संपला. फाटकापाशीच उभा आहे, गाडी आली की निघतो."

"ये रे बाबा. डोळे लागलेत तुझ्या वाटेकडे."

"आणि गंमत ऐक. आत्ताच नौदलाच्या एका साहेबांना आत सोडलं. चार पट्ट्या, मागे दोन ट्रक भरून माणसं. सलाम ठोकताना मला हसूच येत होतं."

"का रे?"

"त्यांच्या खिशाच्या बटणावर, आई, कोंबडीचं पाऊल होतं."