सातव्या वळणावरचं गवत

या, अगदी जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. गोष्ट एवढीशी आहे, आणि ती ओरडून सांगितली तर तिची गोडी जाते.

शेवटची फेरी चालू आहे आणि गोगलगाय सगळ्यांच्या पुढे आहे.

ही गोगलगाय म्हणजे दाताच्या दवाखान्यात नंबर लावून देणारी मुलगी. दिवसभर सुजलेल्या गालांशी गोड बोलायचं आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून कॉम्प्युटरवर शर्यत खेळायची. खेळणारे आपापल्या घरी, कानांना हेडफोन, आणि तोंडाला लगाम कुणाच्याच नाही. ट्रॅक मात्र मनचा नव्हे. खऱ्या ट्रॅकची हुबेहूब नक्कल. टायर झिजतात, पेट्रोल संपतं, पाटीवरचा रंगसुद्धा जिथे उडालाय तिथेच उडालेला. माणसं तेवढी त्यात घालायची राहून गेली.

यंदा जिंकणाऱ्याला त्या खऱ्या ट्रॅकवर एक दिवस खरी गाडी चालवायला मिळणार होती. गोगलगाईला करंडक नको होता, फोटो नको होता. तिला तो दिवस हवा होता. त्या वळणांवरून एकदा खऱ्या गाडीतून जायचं होतं.

"टेबल हलतंय गं," शेजारी मटार सोलणारी आई म्हणाली. "माझे मटार तुझ्या ब्रेकखाली जातील."

"थांब गं आई, सातवं वळण येतंय."

गोगलगाय हे नाव तिला या सातव्या वळणानंच मिळवून दिलं होतं. तिथे रस्ता मोठा वळसा घेतो आणि आतल्या बाजूला गवत आहे. गवतावरून गाडी सरळ काढली की वळसा वाचतो. गेम अडवत नाही, दंड लावत नाही. सगळे तिथूनच जात. ही एकटी वळशानं जाई आणि इतर वळणांवर कमावलेलं सगळं इथे घालवून बसे.

सुरुवातीला तिनं पंचकाकांकडे दाद मागितली होती. हे काका दिवसा पोस्टात तिकिटं विकत आणि संध्याकाळी या शर्यतींचा न्याय करत.

"काका, ते गवत बंद करा. खऱ्या ट्रॅकवर तिथे माणूस उभा असतो, झेंडा घेऊन."

"असेल. इथे आहे का?"

"इथे नाही, पण..."

"मग झालं तर! वाट सगळ्यांना सारखी मोकळी आहे. तूही जा. याहून सरळ न्याय कुठला?"

वावटळ खो खो हसला होता. वावटळ म्हणजे औषधांची बॅग घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता, तिचा पक्का प्रतिस्पर्धी. "ताई, त्या माणसाला माझा नमस्कार सांगा हं! रोज त्याच्या अंगावरून जातो, पण बिचाऱ्यानं कधी हूं की चूं केलं नाही."

तीही हसली होती. वाद मिटला. वळसा मात्र तिनं सोडला नाही.

आणि आता ही शेवटची फेरी. वावटळ मागे चिकटलेला. एकदाच, फक्त एकदाच गवतावरून गेलं की तो दिवस तिचा. नावं ठेवणारं कुणी नव्हतं. उलट हेडफोनमधून पंचकाकाच न राहवून ओरडले, "अगं पोरी, जा ना सरळ!"

तिचे हात क्षणभर थबकले. मग तिनं स्टिअरिंग फिरवलं आणि वळसा घेतला.

वावटळ गवतावरून सुसाट पुढे गेला आणि जिंकला.

"हरलीस?" आईनं विचारलं.

"हो."

"वळशानं गेलीस?"

"हो."

"बरं केलंस," आई म्हणाली, आणि मूठभर कोवळे मटार तिच्या तळहातावर ठेवले.

बक्षिसाच्या दिवशी भर दुपारी दवाखान्यात तिचा फोन वाजला. पलीकडे वावटळ होता, पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता.

"ताई, मी ट्रॅकवरून बोलतोय. जेवणाची सुट्टी झालीय, म्हणून चालत सातव्या वळणावर आलोय. सकाळी हळू फेरी मारायला लावली होती. सवयीनं गवताकडे बघितलं आणि पाय आपसूक ब्रेकवर गेला. अहो, इथे खरंच माणूस आहे! टायरांच्या बुटक्या भिंतीआड, झेंडा घेऊन. पांढऱ्याशुभ्र मिशा. मी गाडी थांबवली तर मलाच दटावलं, 'मध्येच काय थांबतोस रे, मागून कुणी आलं म्हणजे?' आणि आता चालत आलो, तर आधी पाणी पाजलं." मग तो हळूच म्हणाला, "ताई, मी रोज यांच्या अंगावरून जात होतो हो."

"असू द्या," ती हसून म्हणाली. "आहेत का अजून समोर?"

"आहेत ना. उन्हात उभेच आहेत."

"मग एवढं विचारा, डबा खाल्ला का? झेंडा हातात आला की बाबांना भूक आठवत नाही."

तर मंडळी, देव तुम्हाला मोकळ्या वाटा देवो. पण एखादी वाट फारच मोकळी दिसली, अडवणारं कुणी नसलं, तर उन्हात उभ्या असलेल्या त्या बाबांची तेवढी आठवण ठेवा.